गळा धरून गाणारा दत्ता

आमचा भाडेकरू दत्ता गाताना एका हातानं स्वतःचा गळा धरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा जीव देतोय. मी म्हणालो, "मरायचं आसंल तर आधी खोली खाली कर."

"मरायलो नाही नाना, अंगाई बसवायलोय."

माणूस नांदेडचा. कॉलेजात यांचा रॉकचा बँड होता म्हणे. गिटार, ड्रम आणि बोंबलणं. आता चाकणला कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर आहे आणि तीच गाणी आमच्या कुरुळी गावातल्या तान्ह्या पोरांसाठी मऊ करतो. "गाण्याची साल काढायची नाना, आत मऊच असतंय." वरच्या खोलीतली बाई पाण्यावरून त्याला घाण बोलली, तरी मला म्हणाला, "वरची साल हाय ती." यांच्या बँडचं एक गाणं होतं, जग जाळू, तख्त पाडू. त्याचं यानं केलं, दिवा मालवू, गादी घालू.

माझी बायको दिवाळीच्या तोंडावर गेली. नात तिच्याच पायावर झोपायची. आजी गेली आणि पोरीनं झोपणंच सोडलं. रडून रडून निळी पडायची. पोरगा आणि सून दोघं कंपनीत. मी जन्मात थोपटलं ते बैलाला. झोप माझीही गेली होती, पण म्हाताऱ्याला कोण विचारतंय. शेवटी सून म्हणाली, "मामा, असं चाललं तर मला काम सोडावं लागंल."

तेव्हापासून दुपारी शिफ्टला जायच्या आधी दत्ता यायला लागला. पाय लांब करून पोरीला पायावर घ्यायचा. एक हात गळ्यावर, दुसऱ्यानं थोपटणं. तेही प्रेसच्या ठेक्यात. धप्प, थांब, धप्प. पोरगी मेल्यासारखी झोपायची. मी नाकापुढं बोट धरून बघायचो.

एकदा विचारलं, "गळा कशाला धरतो रे?" मोठ्यानं विचारावं लागतं, प्रेसनं त्याचे कान खाल्लेत.

म्हणाला, "बायको माहेरी ऱ्हाती, नाना. पोरगी तिकडंच. मी फोनवर गायचो तिला. एक दिवस म्हणली, पप्पा, वरडू नका, भ्या वाटतंय. मला वाटायचं, हळूच गायलोय." मग त्यानं ही युक्ती काढली. गळा हाताला जास्त थरथरला की समजायचं, आवाज चढला.

"आता जमतंय की. लाव फोन."

"आता मोठी झाली ती. घेत नाही फोन."

परवा नात झोपली तरी हा थांबेना. रस्त्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. मी हातानं खूण केली, जा. तो गातच राहिला. मी भिंतीला टेकलो होतो, तेवढंच आठवतंय.

जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. मी सतरंजीवर आडवा. पोरगी अजून त्याच्या पायावर. त्याचा एक हात गळ्यावर आणि दुसरा माझ्या पाठीवर. धप्प, थांब, धप्प.

"आरं, बस गेली की. खाडा पडला तुझा."

"हळू बोला नाना, पोरगी उठंल."

बायको गेल्यावर माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. मी काढ म्हणालो नाही.