वसुंधरेच्या ट्रॉलीचे चाक बदलिले त्याची हकीकत

मौजे वसुंधरा, परगणे गाझियाबाद, दिल्लीहून यमुनापार, तेथील वर्तमान लिहून ठेवण्याची आज्ञा जाहली, त्यावरून घडले तैसे लिहितो. पदरचे घातले ते शोभेपुरते.

राजश्री काशीनाथराव, निवृत्त अवर सचिव, मूळ मुलूख वाशीम, यांचे कुटुंब नंदाबाईसाहेब. बाईसाहेब दर आदितवारी दीडशे मराठी पुस्तके लोखंडी ट्रॉलीवर घालून सोसायटीच्या हॉलात वाचनालय मांडीत. ऐसे अकरा वर्षे चालले. मग ट्रॉलीचे पुढील उजवे चाक फुटले, आणि बाईसाहेबांचे गुडघे आधीच फितूर, मग तीन आदितवार वाचनालय बंद राहिले. तो कमिटीने फर्मान काढिले की येत्या आदितवारी सहा वाजेपावेतो दहा वाचकांच्या सह्या न पडल्यास हॉल योगवर्गास द्यावा. बाईसाहेब बहुत कष्टी जाहल्या. जेवण गोड लागेना.

मग काशीनाथरावांनी चाकाचा विडा उचलिला. मसलतीस क्रांती हिंगोलीकर आणि समाधान बुलढाणेकर आली. उभयता सरकारी परीक्षेच्या तयारीस दिल्लीत, पैकी समाधान तिसऱ्या प्रयत्नात. नायलॉनचे चाक फरशीवर खडखड करी, रबराचे वजनाखाली चपटे होई, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचे मात्र मध्यममार्गी आणि मुके, ऐसा निवाडा जाहला. समाधानने 'फायदे, तोटे आणि पुढील दिशा' ऐसी नऊ पाने लिहिली, आणि काशीनाथरावांनी तीन कोटेशने मागविली, फाइल बांधली, मंजुरीस सादर केली, आणि मंजूर करणारा वरिष्ठ कोणी नाही हे ध्यानी येताच स्वतःच मंजूर केली.

शुक्रवारी मेट्रोने चावडी बाजारावर कूच जाहले. पानिपतावर फौजेसंगे बाजारबुणगे फार होते म्हणतात. येथे तिघेच, परंतु फाइल जड. दुकानदाराने जुना पहिया मागितला. काशीनाथरावांनी फाइल पुढे केली. त्याने दोन पाने अदबीने चाळून अर्ज केला, "साहब, इसमें सब कुछ है, पहिया नहीं है." काशीनाथरावांनी फर्माविले की व्यास चार इंच, रेकॉर्डवर आहे, तोच द्यावा. दिला.

घरी येऊन पाहतात तो चाकाच्या पट्टीची भोके ट्रॉलीच्या भोकांशी जुळत ना. भोकांचा मजकूर फाइलीत कोठेही नव्हता. समाधानने शुद्धिपत्रक काढावे काय ऐसे विचारिले.

बाईसाहेबांस आजवर कोणी विचारिलेच नव्हते. शनिवारी त्यांनी फुटके चाक भाजीच्या पिशवीत टाकिले, क्रांतीस संगे घेतले, आणि दुकानदाराच्या हाती ते चाक ठेविले. दोन मिनिटांत जोडीचे मिळाले.

"काकू, काकांना काय सांगायचं?"

"सांग, फाइल बंद करा. चल, चहा पिऊ."

आदितवारी चार वाजता ट्रॉली मुकाट हॉलात पोहोचली. परंतु तीन आठवड्यांत वाचक पांगले होते. साडेपाचपावेतो नऊच सह्या. काशीनाथराव दारापाशी उभे होते. अकरा वर्षे ट्रॉली आत ढकलून देत आणि परत फिरत, आत कधी बसले नाहीत. बाईसाहेबांनी रजिस्टर त्यांजपुढे सरकविले. त्यांनी साफ इनकार केला: सही वाचक म्हणून मागता, आणि चौतीस वर्षांच्या चाकरीत न वाचता कशावर सही केली नाही, आताही होणार नाही. समाधानचा चेहरा उतरला. बाईसाहेबांनी एक बारीक पुस्तक हाती दिले. काशीनाथराव बसले, चष्मा पुसला, पहिल्या पानापासून आरंभ केला. नऊ वाचक पुस्तके मिटून घड्याळ पाहत राहिले. सहास दोन मिनिटे कमी असता, वाचक म्हणविण्यापुरते वाचून जाहले ऐसे ठरवून, त्यांनी तारखेसह सही ठोकली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, हॉल कायम राहिला. सही होताच काशीनाथराव उठतील ऐसे सर्वांस वाटले. परंतु वॉचमन कुलूप घेऊन येऊन उभा राहिला तरी त्यांनी मान वर केली नाही. बाईसाहेबांस हॉल राहिल्याहून हे अधिक वाटले. त्यांनी रजिस्टरी स्वहस्ते नोंद केली: पुस्तक एक, काशीनाथ, वाचून व्हावयाचे आहे, घरी नेले.