बारापैकी बारा

तळमजल्यावरच्या खोलीत टक्केकाकूंचा गाण्याचा क्लास भरायचा आणि तीच खोली सेक्रेटरींना व्यायामाच्या यंत्रांसाठी हवी होती. क्लासला सातजणी येत. सगळ्या साठीच्या पुढच्या, 'तुला गळा नाही' म्हणून आयुष्यभर गप्प बसवलेल्या. आता कुठे त्यांना कंठ फुटला होता.

"पण लोकांना त्रास होतो," सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले.

"किती लोकांना?" काकूंचे यजमान ताडकन उठले. त्यांची उभी हयात सर्वेक्षण खात्यात गेली होती. बरं वाटतंय का विचारलं तरी ते टक्क्यांत सांगत, म्हणून सगळी इमारत त्यांना टक्केकाका म्हणे. "शास्त्रशुद्ध पाहणी करू. निकाल येईल तो दोन्ही बाजूंनी मुकाट्याने मानायचा!"

"कबूल!" सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, खोली माझी आणि पैज तुम्ही कसली लावताय?" काकू कुजबुजल्या.

"तू निर्धास्त राहा. आकडे माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

लिफ्टपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं, असं सेक्रेटरींनी सुचवलं. काकांनी ते हसण्यावारी नेलं. "लिफ्टपाशी घाईतली माणसं भेटतात आणि घाईतल्या माणसाला कशाचाही त्रास होतो. शिवाय मी स्वतः विचारलं तर लोक माझं तोंड बघून उत्तर देतील."

इमारतीत घरं अठ्ठेचाळीस. काकांनी रजिस्टर उघडलं, पहिल्या चार आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, डोळे मिटून एक उचलली. चार आला. मग चौथं घर, आठवं, बारावं असं करत प्रत्येक चौथ्या घरावर खूण केली. यादी कोणालाही दाखवली नाही, काकूंनाही नाही. वॉचमनने बंद पाकिटं वाटली, बिननावाची उत्तरं एका डब्यात जमा झाली. कामात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मीटिंगमध्ये डबा उघडला. पहिलं उत्तर, क्लास नको. दुसरं, नको. सहाव्या 'नको'ला काकांनी चष्मा पुसला. बाराव्यापर्यंत सेक्रेटरींचा चेहरा फुलून आला होता.

"शंभर टक्के, काका! तुमचाच लाडका शब्द."

काकू तरातरा घरी आल्या. मग पाण्याचा तांब्या काकांपुढे आदळून म्हणाल्या, "आठ दिवसांत खोली रिकामी करायची आहे. सात खुर्च्या आणि सात बायका कुठे ठेवू, ते तेवढं शास्त्रशुद्ध सांगा."

काकांना जेवण गेलं नाही. पण पाहणी म्हणजे पाहणी, ती रीतसर संपवायलाच हवी. दुसऱ्या दिवशी ते बारा आभारपत्रं घेऊन खाली टपालपेट्यांपाशी गेले. पेट्या मजल्यांप्रमाणे बारा ओळींत होत्या, एका ओळीत चार. त्यांनी पहिलं पत्र टाकलं. दुसरं टाकायला हात थेट वर नेला. तिसऱ्यालाही थेट वर. बारावं पत्र चवड्यांवर उभं राहून टाकलं आणि ते तसेच उभे राहिले.

बाराही पेट्या एकाच उभ्या रांगेत होत्या. एका मजल्यावर घरं चार आणि काकांनी निवडलं होतं प्रत्येक चौथं. म्हणजे एकावर एक अशी बारा घरं. त्यांच्या न्हाणीघरांचे झरोके एकाच पोकळीत उघडत आणि त्या पोकळीचं खालचं तोंड क्लासच्या खोलीत होतं. त्या बारा घरांत माणूस अंगावर पाणी ओतून घेई तेव्हा खालून सातजणी सूर लावत.

"निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा पाहणी?" सेक्रेटरी भडकले.

"निकाल नाही, माझी निवड चुकली," काका भर मीटिंगमध्ये म्हणाले. "चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या जिन्यात पाय घसरला. हवं तर फलकावर लिहून लावतो."

आणि खरंच लावलं. त्या फलकापुढे सेक्रेटरींचं काही चालेना.

या वेळी सगळ्या अठ्ठेचाळीस घरांच्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यात घालून वॉचमनने सर्वांदेखत चांगल्या हलवल्या आणि बारा काढल्या. सातशे चार, म्हणजे खुद्द काकांचं घर, त्यांत आलं नाही. काकांनी हळूच घाम पुसला.

नऊजणांनी लिहिलं, हरकत नाही. त्यांतल्या पाचांनी पुढे विचारलं होतं, कुठला क्लास? क्लास वाचला. सातजणींनी त्या दिवशी असा आवाज लावला की सेक्रेटरींनी स्वतःची खिडकी लावून घेतली.

"बघ, म्हटलं नव्हतं?" काका ऐटीत खुर्चीत बसले.

काकू नुकत्याच पेटीत साचलेलं टपाल घेऊन वर आल्या होत्या. त्यांच्या हातात एक पाकीट होतं, अक्षर ओळखीचं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "'घर क्रमांक सातशे चार. पहिल्या पाहणीत आपण मोकळेपणाने मत दिलंत, त्याबद्दल आभार.'"

काकांनी छताकडे पाहिलं.

"त्या वेळी बारापैकी बारा 'नको' म्हणाले होते ना हो?"

"मत गुप्त असतं," काका पुटपुटले. "आणि पाहणीत खोटं कसं लिहिणार?"

काकू शांतपणे आत गेल्या. कागद-पेन्सिल आणून त्यांनी काकांपुढे ठेवली.

"उद्यापासून पहाटेचा सराव मी घरातच करणार आहे. तुमची काही हरकत असली तर लिहून द्या. नाव घालायची गरज नाही."