फुगलेला गाल आणि झिजलेले नाणे

एखाद्याने विश्वासाने आपली वस्तू चार जणांच्या हाती द्यावी आणि ती परत येऊ नये, तेव्हा वस्तू एकाची जाते, पण मान सगळ्यांची खाली जाते. ज्याची वस्तू गेली त्याने तोंड उघडावे, तर तो स्नेह्यांवर आळ घेतो; न उघडावे, तर स्नेही आपसांत एकमेकांच्या खिशांकडे पाहू लागतात. चोर असलाच तर एक असतो. संशय मात्र साऱ्या बैठकीला पुरून उरतो. अशा धर्मसंकटात एका तीक्ष्ण, निर्विकार आणि शास्त्रशुद्ध बुद्धीची आवश्यकता असते.

ती बुद्धी, विनयाला क्षणभर बाहेर बसवून सांगतो, माझ्यापाशी आहे.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि न्यायशास्त्राची उपासना केली. धुरावरून ज्याला अग्नीचे अनुमान करता येते, त्याला चेहऱ्यावरून चोराचे का करता येऊ नये? निवृत्तीनंतर मी हे शास्त्र लोककल्याणासाठी वापरू लागलो. शेजारच्या मांजरीचे अपहरण मी उलगडले; ती माळ्यावर व्यायली होती, हा तपशील तिच्या मालकिणीस माझ्याआधी कळला, इतकेच. जिन्यातला दिवा चोरीस गेल्याचेही मी सिद्ध केले होते. पुढे तो दुरुस्तीला दिल्याचे निघाले. पण सिद्धतेत दोष नव्हता, दिव्यात होता. जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या आमच्या नाणेमंडळात मला आदराने ‘गुप्तहेर गुरुजी’ म्हणतात. म्हणताना सगळे हसतात. आदर हा असा हसतमुख असावा.

नाणेमंडळात जाण्याचे सुख बाहेरच्यास सांगून कळत नाही. घड्याळे दुरुस्त करणारे आमचे घड्याळजी हे मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही आठवड्यातून एकदा जमतो. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळे आपापल्या मताप्रमाणे वेळ सांगत असतात आणि टेबलावर हिरवे मखमली कापड अंथरलेले असते. आमचा एकच नियम आहे. आणलेले नाणे हातोहात फिरते. ते कडेला धरायचे, कापडाच्या वरच धरायचे आणि फेरी पूर्ण होईतो अवाक्षर काढायचे नाही. मग प्रत्येकाने काय दिसले ते सांगायचे. त्यानंतर जे भांडण होते, त्याच्यासाठी आम्ही आठवडाभर जगतो.

त्या सायंकाळी मंडळात एक नव्या सभासद आल्या. रुग्णालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यामुळे पहिल्याच मिनिटाला त्या साऱ्यांच्या ‘सिस्टर’ झाल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक काळपट तांब्याचे नाणे कापडावर ठेवले. ते इतके झिजले होते की त्यावर चित्र आहे असा केवळ भास होत होता.

“बाजारात याला कुणी विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. “आई घाबरली की हे मुठीत धरायची. अंगठ्यानं घासून घासून असं झालंय. ती गेली तेव्हा मीच मूठ सोडवून काढलं. घरी एकटीच बघत बसते. म्हटलं, आज दुसऱ्या कुणीतरी बघावं.”

नाणे फिरले. कुणी बोलले नाही. मग फेरी संपली आणि नेहमीचे सुख सुरू झाले.

“जहाज आहे,” आमचे दंतवैद्य म्हणाले. “हे शीड बघा.”

“शीड कसलं? पाव आहे पाव,” बेकरीवाले म्हणाले. “वर चीरसुद्धा दिलीय.”

“तुम्हाला चंद्रातही पावच दिसतो.”

“आणि तुम्हाला चंद्रालाही कीड लागलेली दिसते!”

घड्याळजींना बसलेला सिंह दिसला. मी गरुड असल्याचे सप्रमाण सांगितले.

सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या. “आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, मला तर कोंबडी वाटते बाई.”

इतके हसणे त्या खोलीत बऱ्याच दिवसांत झाले नव्हते. घड्याळजींनी आपला छोटा तराजू काढून नाणे तोलले, तेवढ्यात चहा उकळून उतू गेला, सगळे उठले, कप आले, बेकरीवाल्यांनी आणलेला केक निघाला. चहा संपल्यावर सिस्टर सहज म्हणाल्या, “माझं नाणं?”

मखमल रिकामी होती.

आम्ही कापड झटकले. टेबलाखाली वाकलो. कपांत पाहिले. घड्याळजींनी दार लावून घेतले आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. “आजवर असं कधी घडलं नाही.”

“चिंता नको,” मी उठून म्हणालो. “मी येथे आहे.”

“म्हणूनच चिंता वाटते,” बेकरीवाले पुटपुटले.

मी सर्वांच्या मुद्रा न्याहाळल्या आणि माझी दृष्टी दंतवैद्यांच्या उजव्या गालावर खिळली. तो डाव्यापेक्षा निश्चितपणे मोठा होता.

“प्रतिज्ञा,” मी म्हणालो. “डॉक्टरांच्या मुखात नाणे आहे. हेतू, गाल फुगलेला आहे. उदाहरण, जेथे जेथे फुगवटा, तेथे तेथे आत काहीतरी, जशी उशी. तसाच हा गाल. म्हणून नाणे आत आहे. डॉक्टर, आ करा!”

“गुरुजी, दाढ दुखतेय माझी.”

“दंतवैद्याची दाढ?”

“का? दंतवैद्याला दाढा नसतात?”

“मग उपचार का करत नाही?”

डॉक्टरांनी खाली पाहिले. “भीती वाटते.”

सिस्टरांनी त्यांना खुर्चीत बसवले, विजेरी धरून तोंडात पाहिले आणि म्हणाल्या, “नाणं नाही, गळू आहे. उद्या सकाळी दाखवायचं. मी येते सोबत. लहान मुलासारखं करायचं नाही.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले, अगदी लहान मुलासारखे.

पहिले अनुमान अशा रीतीने वैद्यकीयदृष्ट्या यशस्वी ठरले. दुसरे केकसंबंधी होते. नाणे कापडावरून निसटून केकात रुतले असणार, असे मी मांडले आणि सुरी मागितली.

“हळू कापा हो,” बेकरीवाले कळवळून म्हणाले.

“सत्यासाठी त्याग करावा लागतो.”

“त्याग तुमचा कुठे? केक माझा!”

केकाचा भुगा झाला. त्यात बेदाणे सापडले. त्यानंतर भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ बंद पडलेले माझ्या ध्यानी आले. जड वस्तू आत शिरल्यावाचून लंबक थांबत नाही, असे म्हणून मी त्याचे दार उघडले. एक स्प्रिंग बाहेर आली, माझ्या चष्म्याला स्पर्शून पलीकडच्या भिंतीवर आदळली.

“ते बंद पडलं म्हणूनच दुरुस्तीला आलंय, गुरुजी,” घड्याळजी दात आवळून म्हणाले. “आता ते अजून जास्त दुरुस्तीला आलंय.”

शास्त्रकारांनी सांगितलेच आहे की शोधात खंड पडू देऊ नये. मी तराजू तपासला. पारडी रिकामी. शेजारी वजनांची लाकडी पेटी होती. तिचे झाकण उघडले. जुनी, काळी पडलेली, चपटी वजने आपापल्या खाचांत गुण्यागोविंदाने बसली होती.

“पाहा,” मी म्हणालो. “एकही खाच रिकामी नाही. जेथे न्यूनता नाही, तेथे चौर्य नाही. ही पेटी निर्दोष आहे.” आणि झाकण लावले.

आता एकच मार्ग उरला होता. “अध्यक्षमहाराज,” मी म्हणालो, “सर्वांची झडती घ्यावी लागेल.”

बेकरीवाल्यांनी खिशात हात घातला आणि पुन्हा काढला, जणू स्वतःच्या खिशाचीच त्यांना लाज वाटली. तेवढ्यात सिस्टर उठल्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी कुणाचे खिसे उलटे करू नका. आयुष्यभर मी माणसांच्या उशाखाली, पांघरुणाखाली बघितलंय. आता नाही बघवत. नाणं गेलं तर गेलं.”

“अहो, पण आईची आठवण…” डॉक्टर म्हणाले.

“आठवण आहे माझ्याकडे. ती काही फक्त नाण्यात नव्हती.” त्यांनी रुमालाची घडी घातली. त्यात बांधायला काही नव्हते, तरी गाठ मारली. “येते मी.”

‘पुन्हा येईन’ असे त्या म्हणाल्या नाहीत, हे आम्हा चौघांनाही कळले.

घड्याळजींनी कापड गुंडाळायला घेतले. “पुढच्या वेळेपासून नाणी काचेखाली राहतील,” ते म्हणाले. “लांबूनच बघायची. हातात कुणी घ्यायचं नाही.”

माझ्या तपासाचे फलित हे असे निघाले होते.

इतक्यात दारावर थाप पडली. आमच्या सौभाग्यवती आत आल्या आणि क्षणभर केकाचा भुगा, भिंतीशी पडलेली स्प्रिंग आणि दारापाशी उभ्या असलेल्या सिस्टर असे क्रमाने पाहत राहिल्या.

“अहो, जेवायला येणार आहात की इथंच दिवे लावणार आहात? आणि हे काय करून ठेवलंय?”

“अगं, गंभीर प्रकरण आहे. नाणे हरवले आहे.”

“कुणाच्या हातात होतं शेवटी?”

“माझ्या,” घड्याळजी म्हणाले. “तोललं, आणि चहा उतू गेला म्हणून धावलो.”

“मग तुम्ही ते कुठल्यातरी खाचेत बसवलं असणार.”

“असे कसे म्हणतेस?” मी विचारले. “व्याप्ती काय? हेतू काय?”

“हेतू घरी आहे माझा. माझ्या औषधांच्या डबीत सात खण आहेत. सकाळची गोळी घेऊन खण रिकामा झाला की हे त्यात नाणं ठेवतात. ठेवलेलं यांना आठवतही नाही. परवा पाण्याबरोबर राजाचं मुंडकं गिळणार होते मी.” त्या सिस्टरांकडे वळल्या. “अहो बाई, या लोकांना रिकामा खण बघवतच नाही. हात आपोआप जातो. इथे एरवी रिकामी असते अशी खाच कुठली?”

घड्याळजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “वजनांची पेटी,” ते अस्फुट बोलले. “त्यातलं एक वजन कधीचंच हरवलंय.”

“अशक्य,” मी म्हणालो. “पेटी पूर्ण भरलेली आहे. मी स्वतः…”

वाक्य पुरे करण्याची गरज मलाही वाटली नाही. घड्याळजींनी पेटी उघडली. काळ्या चपट्या वजनांच्या रांगेत, अगदी त्यांच्यासारखाच चेहरा करून, सिस्टरांच्या आईचे नाणे बसले होते. घड्याळजींनी ते नखाने उचलले, कडेला धरले आणि दोन्ही हातांनी पुढे केले.

“सिस्टर, चोर मीच. चुकलो.”

“चोर कसले?” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी नाणे घेऊन मुठीत घट्ट धरले आणि किती तरी वेळ सोडले नाही. आम्ही घड्याळांकडे पाहत राहिलो. मग त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. “ते कापड अंथरा पाहू. या बाईंनी अजून बघितलं नाहीये.”

नाणे आमच्या सौभाग्यवतींच्या हातात गेले. कुणी शिकवले नव्हते, तरी त्यांनी ते कडेला धरले, उजेडात फिरवले आणि फेरी पुरी होईतो गप्प राहिल्या.

“मला तर किटली दिसतेय,” त्या म्हणाल्या.

“किटली!” बेकरीवाले ओरडले. डॉक्टरांनी सुजलेल्या गालावर हात ठेवून निषेध नोंदवला. जहाज, पाव, सिंह आणि गरुड पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. काचेची गोष्ट कुणीच काढली नाही.

ज्या माउलीने भयाच्या घटकेला ते नाणे मुठीत धरले, तिला शांती लाभो. जिने ती मूठ सोडवली आणि परक्यांपुढे उघडली, तिचे घर माणसांनी भरलेले राहो. घड्याळजींच्या हातांना असेच वेंधळे आणि निष्पाप आयुष्य मिळो, बेकरीवाल्यांचा पुढचा केक अखंड राहो, डॉक्टरांना उद्या सकाळी धैर्य येवो. आणि जे हात विश्वासाने पुढे होतात, ते सर्व हात रिकामे न परतोत.