वैनगंगेची भरती

वासुदेवने समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो भरतीची वेळ सांगतो. "आज दुपारून भरती हाय," असं म्हणून कप खाली ठेवतो आणि दुपारी त्याच वेळेला, डोक्याला दुपट्टा बांधून, वैनगंगेच्या रेतीत जाऊन उभा राहतो.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पलीकडचं, नदीकाठचं. समुद्र इथून इतका लांब, की निम्म्या गावाने तो टीव्हीवरच पाहिला आहे. एकदा सोमा ढिवराने जाळं झटकता झटकता विचारलं, "वासुदेवभाऊ, वैनगंगेले भरती येते काय जी?"

"येते ना. धरणाचं गेट उघडलं का येते." मग जरा थांबून गंभीरपणे, "पण समुद्रावर तसं नसते."

समुद्रावर तसं नसते, हे त्याचं पालुपद. धानाला भाव नाही म्हणा, ग्रामसभेत खुर्च्या फेकल्या म्हणा, माझे गुडघे दुखतात म्हणा, त्याचं उत्तर ठरलेलं. सोमा तर आता आपल्या बायकोलाही तेच सांगतो. भाजीत मीठ जास्त झालं की म्हणतो, "समुद्रावर तसं नसते वो."

वासुदेवचा मासे धरायचा रॉड कुरिअरने आला. दोन पुरुष उंचीचा, दोन तुकड्यांचा. तुकडे काढून पिशवीत घालून न्यायची सोय होती, पण एकदा जोडलेली वस्तू पुन्हा मोडायची नाही असा त्याचा हेका. त्यामुळे तो रॉड गल्लीतून उभाच निघाला आणि वाळत घातलेलं शेजारणीचं लुगडं टोकावर घेऊन नदीपर्यंत गेला. वासुदेवची पहिली शिकार ती. शेजारीण मागून ओरडत होती आणि हा तिला सांगत होता, "बाई, वारा मागून होता, म्हणून फसलं."

त्याच्या दोरीला वजन म्हणून शिसं असतं, त्याला तारेचे चार पाय आहेत. लाटांनी गरी वाहून जाऊ नये म्हणून ते पाय वाळूत रुततात. वैनगंगेला लाटा नाहीत. शिसं एकदा रुतलं की रुतलं. मग धोतर वर खोचून वासुदेव कमरेएवढ्या पाण्यात जातो आणि हाताने उपटून आणतो. चारा म्हणून तो झिंगे लावतो आणि ते गरीला बारीक दोऱ्याने गुंडाळून बांधतो. "नाई बांधलं त लाट काढून नेते." त्याच्या शेजारी सोमाचा भाऊ बांबूच्या काठीला केचवा, म्हणजे साधं गांडूळ, लावून दुपारपर्यंत पिशवीभर मासे काढतो. वासुदेवच्या गरीला आजवर एक खेकडा आणि कोणाची तरी चप्पल लागली आहे.

कधी आभाळ स्वच्छ असतं, झाडाचं पान हलत नसतं, आणि हा ओसरीवर बसून असतो. विचारावं तर म्हणतो, "आज जाता येत नाई. खवळला हाय." तिकडे कोकणात वारा सुटलेला असतो.

तिकडचं त्याला सगळं ठाऊक आहे. जेटीच्या उजव्या अंगाला दगडात गरी अडकते, तिथे जायचं नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटी सुरू होताना उभं राहायचं. कातळावर शेवाळ असतं, पाय जपून टाकायचा. न पाहिलेल्या किनाऱ्यावर तो असा फिरतो, जणू आपल्याच बांधावर चालला आहे. हे सगळं त्याला जावई सांगतो. दर रविवारी फोन येतो आणि सासरे-जावई मासे, गरी आणि चारा यांच्यावर बोलतात. दुसरं काही बोलत नाहीत.

त्याची मुलगी वैशाली गडचांदूरला मावशीकडे राहून शिकत होती. सिमेंटच्या कारखान्यात तारा जोडायला आलेल्या कोकणातल्या पोराशी तिने लग्न केलं. पोरगा कोळ्याचा. जातीची बैठक बसली. त्या दिवशी वासुदेव तिरमिरीत म्हणाला, "तोंड पाहत नाई मी तिचं." पुढे ती कधी माहेरी आली नाही. बाप दगडाचा निघाला, पोरीला दारात उभं केलं नाही, असं गाव आजही म्हणतं. वासुदेव ते ऐकतो आणि रीळ गुंडाळत राहतो.

गाव म्हणतं ते खोटं आहे. वैशाली आली होती.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. वासुदेवची बायको आधीच गेलेली. तो शेतावर धानाच्या चुरण्याला, मळणीला गेला होता. मी शेजारचा, वयाने मोठा, बैठकीत पुढे बसलेला. दाराला कुलूप पाहून ती माझ्या फाटकाशी आली. मी फाटक उघडलं नाही. म्हणालो, "तुझा बाप तुझं तोंड पाहत नाही. आल्या वाटेने जा." वासुदेवने ते शब्द एका दिवशी रागात काढले होते. मी ते वर्षभर जपून ठेवले आणि त्याला न विचारता तिच्या पुढ्यात टाकले. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी काही बोललो नाही. आज नको, उद्या सांगू, असं म्हणत राहिलो. मग न सांगण्याचीच सवय झाली.

नातू झाला तेव्हा जावयाचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो. वासुदेवला काय बोलावं सुचेना. घाम पुसत त्याने विचारलं, "तिकडं मासे कशानं धरता जी?" तिथून हे समुद्राचं वेड सुरू झालं.

आपण कोकणात जायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पण आधी फेक जमायला हवी. समोरच्या रेतीच्या बेटावर शिसं पडलं की निघायचं. "सासरा म्हणून गेलो अन् जावयापुढं शिसं पायाजवळ पडलं, त काय इज्जत राह्यते बाबुराव?" तो मला विचारायचा. फेक जमत नव्हती. जमू नये असंच त्याला वाटतं, हे मला कळत होतं.

यंदा उन्हाळ्यात पाणी उतरलं, बेट जवळ आलं, आणि एका दुपारी शिसं सरळ बेटावर जाऊन पडलं. पलीकडून सोमाने टाळ्या वाजवल्या. "आता काय भाऊ! बांधा बिस्तरा!"

वासुदेव हसला नाही. रॉड रेतीत खोचून माझ्याजवळ येऊन बसला.

"आता जा लागते," तो म्हणाला.

"मग जा ना."

"कोणाकडं जाऊ बे? जावई बोलते, पोट्टी बोलत नाई. एकडाव आली असती, शिव्या देऊन गेली असती, तरी मी उठत-पडत गेलो असतो. तिनं वळून नाई पाह्यलं."

मी म्हणालो, "आली होती."

मग फाटकाचं सगळं सांगितलं. त्याच्याकडे पाहण्याची हिंमत नव्हती, म्हणून नदीकडे पाहत सांगितलं. तो उठून दोन हाणेल असं वाटत होतं. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने विचारलं, "एकटीच होती?"

"एकटीच."

"वाळली होती काय?"

"नाही. दिवस गेले होते तिला. पोट दिसत होतं."

"हातात काय होतं?"

"पिशवी होती. काय होतं त्यात, मी विचारलं नाही."

"रडली?"

"नाही. 'बरं काका' म्हणाली."

तो रेतीत बोटाने काहीतरी उकरत राहिला. "उन्हाची आली असंन. पाणी तरी पेली काय तुझ्या घरी?"

"नाही."

माझ्या तोंडाला कोरड पडली होती. त्याने आपली बाटली उघडली आणि माझ्या पुढ्यात धरली. "पे," म्हणाला. मी प्यायलो. तेवढ्यात त्याने विचारलं, "कोण्या रस्त्यानं गेली?"

"नहराच्या पाळीने. मोहाच्या झाडाखाली थोडी बसली. मी फाटकातून पाहत होतो."

रॉड तिथेच ठेवून तो उठला. आम्ही कालव्याच्या काठाने, त्याच पाळीने निघालो. मोहाजवळ आल्यावर तो थांबला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि सावलीच्या बाजूला बुंध्याला टेकून बसला. खिशातून फोन काढला.

"जावईबापू, आज माशाचं नाई," तो म्हणाला. "तिले द्या."

मग माझ्याकडे न पाहता हात हलवला, तू जा म्हणून. मी पुढे चालू लागलो. ऊन फार होतं. मागे वळलो नाही, पण कान मागेच होते. नंतर त्याचा आवाज आला, अगदी हळू. तो एवढंच विचारत होता, "जेवली काय बाई?"