एकफेरीचे तीस दिवस

हीटर चालू होता, हॉल रिकामा होता आणि एकफेरी तासाभरापासून स्टूल टाकून हीटरसमोर बसले होते. हीटर काही केल्या बंद पडत नव्हता.

"पडेल हो," योगवर्गाच्या बाई म्हणाल्या. "सकाळी पडला होता. वर्ग सुरू झाल्यावर बरोबर पंचविसाव्या मिनिटाला."

"आता पासष्ट मिनिटं झाली."

"मग मी काय खोटं बोलते?"

"तुम्ही नाही हो बाई, हा खोटं बोलतोय," एकफेरी हीटरकडे बघत म्हणाले.

हीटर त्यांनीच दोन दिवसांपूर्वी बसवला होता. गरम हॉलमध्ये घाम गाळत करायच्या योगाचा हा वर्ग, आणि चाळीस अंश तापमान ही त्याची मुख्य जाहिरात. बाईंनी सकाळी थेट एकफेरींनाच फोन केला, कारण त्यांचा नंबर हीटरवर चिकटवलेला होता. "कंपनीत रीतसर तक्रार लिहून देऊ का?" असं त्यांनी भाबडेपणाने विचारलं, तेव्हा एकफेरींनी त्यांना घाईघाईने अडवलं. "कंपनीला कशाला त्रास," ते म्हणाले होते. "मी आहे ना."

ही घाई समजायची तर त्यांच्या नावाचा उलगडा करायला हवा. कंपनीत एकदा दुरुस्त केलेल्या यंत्रासाठी पुन्हा जावं लागलं, तर त्याला 'परतफेरी' म्हणत, आणि ती मेकॅनिकच्या पानावर लाल शाईने लिहीत. बाकीच्यांची पानं गोवर आल्यासारखी दिसत. ह्यांच्या पानावर बावीस वर्षांत लाल ठिपका नव्हता, म्हणून हे एकफेरी. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात साहेब ही गोष्ट सांगणार होते. दुसरं काही सांगण्यासारखं सापडत नाही, असं साहेबांनीच त्यांना मोकळेपणाने सांगितलं होतं.

"रिकाम्या हॉलमध्ये चालतो, माणसं आली की रुसतो," एकफेरी म्हणाले. "म्हणजे वर्ग चालू असतानाच बघायला हवा. मी कोपऱ्यात उभा राहीन."

"वर्गात कुणाला नुसतं उभं राहता येत नाही. ऊर्जा बिघडते."

"हीटरची?"

"सगळ्यांची. आणि ह्या महिन्यात आव्हान चालू आहे." बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. तीस दिवस, रोज नव्वद मिनिटं. एक दिवस चुकला की नाव कट. "नाव घातलंत तरच आत येता येईल. आज पहिलाच दिवस. सकाळचा वर्ग हुकला तरी संध्याकाळी दुसरा आहे, तो धरून तीस होतील."

एकफेरींनी नाव घातलं. दोन दिवसांत दोष सापडेल आणि मग नाव कटलं तर कटलं, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांचा आणि व्यायामाचा संबंध सांगायचा तर, स्वतःच्या पायाची बोटं त्यांना फक्त चपलांच्या दुकानातल्या आरशात दिसत. संध्याकाळी ते जुन्या पायजम्यात हॉलमध्ये शिरले, अवजारांची पिशवी मागच्या बाकाखाली सरकवली आणि शेवटच्या रांगेत सतरंजी अंथरली. शेजारी एक गोल गृहस्थ आधीच धापा टाकत होते. वर्ग अजून सुरू झाला नव्हता.

"मी दातांचा डॉक्टर," ते म्हणाले. "दिवसभर लोक माझ्यापुढे तोंड उघडून पडतात. इथे मी पडतो. तुम्ही?"

"मी... असाच."

पहिल्या दहा मिनिटांत एकफेरींना अशा ठिकाणी घाम आला, जिथे आपल्याला कातडी आहे हेही ते विसरले होते. विसाव्या मिनिटाला त्यांनी बायकोला मनातल्या मनात सगळं माफ केलं. पंचविसाव्या मिनिटाला हीटरमधून 'टक्' असा आवाज आला, हवा थांबली आणि चार-सहा मिनिटांत हॉलभर माणसं सुस्कारे सोडू लागली.

"आली," डॉक्टर डोळे मिटून पुटपुटले.

"काय आली?"

"शांती. बाई म्हणाल्यात ना, शरीराने उष्णतेशी जुळवून घेतलं की आतून गारवा येतो. सकाळी पण आला होता."

"आतून कसला, तो हीटर..." एवढं बोलून एकफेरींनी जीभ चावली. हे डॉक्टरांना कळलं की सगळ्यांना कळणार, आणि कुणीतरी कंपनीला फोन लावणार. "हो. आतूनच," ते म्हणाले. "मलाही येतोय."

बाईंनी हे ऐकलं आणि पुढचं आसन सांगितलं. सकाळी हीटर बंद पडला तेव्हा गडबडून त्याच तसं म्हणून गेल्या होत्या, आणि आता चाळीस घामट चेहऱ्यांवरचं समाधान बघून ते मागे घ्यायला त्यांची जीभ रेटेना.

दोन दिवसांत दोष सापडला नाही. दोष दिसायचा तो वर्ग चालू असतानाच, आणि वर्गात अवजारं हातात घेता येत नव्हती. मग एकफेरींनी स्क्रूड्रायव्हर पायजम्याच्या नाडीत पाठीमागून खोचला. तो खाली वाकलं की माकडहाडाला टोचे, म्हणून ते वाकतच नसत. "काकांकडे बघा," बाई सगळ्यांना सांगत. "पाठीचा कणा कसा ताठ आहे." थर्मोस्टॅट त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीत होता, आणि तिथे हात पोचायचा तो फक्त वृक्षासनात, एका पायावर उभं राहून हात वर केला तर. झाकणाला चार स्क्रू होते. रोज एक, असे चार दिवस लागले.

"काका, दोन्ही हात जोडायचेत," बाई म्हणायच्या.

"एकच जुळतोय सध्या."

आत सगळं ठणठणीत होतं. तरी त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. पुढच्या चार वृक्षासनांत झाकण लागलं. पंचविसाव्या मिनिटाला 'टक्'.

घरी वेगळाच तापमापक होता.

"कुठून आलात?" बायकोने दारातच विचारलं.

"कामावरून."

"भिजून?"

"गरम काम होतं."

"आज सुट्टी आहे." तिने त्यांच्या काखेतली गुंडाळी ओढली. "आणि हे काय?"

"हीटरला गुंडाळायचं असतं. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून."

बायकोने गुंडाळी उलगडली. जुनी सतरंजी घसरते म्हणून बाईंनी त्यांना वर्गातली एक चटई दिली होती. तिच्यावर कमळ होतं आणि खाली छापलं होतं, 'स्वतःवर प्रेम करा'.

"हे हीटरने करायचं?"

एकफेरींनी सगळं कबूल केलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं, ते त्यांना जास्त लागलं.

"म्हणजे एका लाल ठिपक्यासाठी तुम्ही महिनाभर खाली डोकं वर पाय करणार?"

"खाली डोकं अजून आलेलं नाही."

"आपल्या न्हाणीघरातला नळ दोन वर्षं गळतोय हो."

"त्याची तक्रार कुठे नोंदलेली आहे?"

बायको आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "एक मात्र आहे. हल्ली तुम्ही घोरत नाही." हे कौतुक होतं की तक्रार, ते एकफेरींना नीट कळलं नाही.

दोन आठवडे झाले. त्यांनी वायर बदलली, पंख्याची मोटर साफ केली. वर्गाआधी येऊन तपासलं की हीटर शहाण्यासारखा चालायचा. वर्ग सुरू झाला की पंचविसाव्या मिनिटाला मान टाकायचा. इकडे वर्गाची कीर्ती पसरत होती. इतर ठिकाणी लोक नुसते उकडून निघतात, इथे शांती मिळते आणि तीही वेळेवर, असं बोललं जाऊ लागलं. चाळीसचे पंचावन्न झाले. डॉक्टर तर आपल्या पेशंटना दात उपटण्याआधी पंचविसाव्या मिनिटाची कल्पना करायला सांगत.

"राहू द्या ना काका आता," तिसऱ्या आठवड्यात बाई हळूच म्हणाल्या. "सगळे खूश आहेत."

"मी नाही."

"तुमच्यात किती फरक पडलाय, बघा तरी."

"हीटरमध्ये पडला पाहिजे."

सत्ताविसाव्या दिवशी पाय फाकवून पुढे वाकायचं आसन होतं. एव्हाना स्क्रूड्रायव्हरचं काही काम उरलं नव्हतं, म्हणून एकफेरींनी तो घरीच ठेवला होता. ते वाकले. रोज ताठ राहणारं डोकं आज गुडघ्यापर्यंत खाली गेलं, मग आणखी खाली, आणि शेवटी स्वतःच्या दोन पायांमधून त्यांना मागची भिंत उलटी दिसली. भिंतीला लागून बाक होता. बाकाखाली पंचावन्न जणांच्या पिशव्या कोंबलेल्या होत्या. पिशव्यांच्या मागे हवेची जाळी होती. आणि जाळीला अगदी घट्ट चिकटून, सगळ्यांत जड, सगळ्यांत मोठी पिशवी होती ती त्यांची स्वतःची.

हीटर गरम हवा सोडतो तशी खालच्या जाळीतून हवा आत ओढतोही. जाळी बुजली की तो गुदमरतो, नको इतका तापतो आणि जीव वाचवायला आपणहून बंद होतो. रिकाम्या हॉलमध्ये पिशव्याच नसत, तर तो कशाला बंद पडेल. 'जाळीसमोर काही ठेवू नका' हे वाक्य एकफेरींनी बावीस वर्षांत हजार घरांत सांगितलं असेल. ते तसेच वाकलेले राहिले. रक्त डोक्यात उतरत होतं आणि लाजही.

"वा, काका," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी बघा. ह्याला म्हणतात समर्पण."

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले, बाक उचलून समोरच्या भिंतीला लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी स्वतःच्या हाताने तिकडे ठेवली. हात झटकून ते आपल्या जागी उभे राहिले. बावीस वर्षं शाबूत होती.

पंचविसावं मिनिट आलं आणि गेलं. सव्विसाव्याला काही जणांनी डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं. तिसाव्याला डॉक्टर कुजबुजले, "तुम्हाला आली?"

"नाही."

"मलाही नाही. आज काहीतरी पाप घडलंय माझ्या हातून."

चाळिसाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतली दोन माणसं आसन सोडून रांगत दाराकडे निघाली. पन्नासाव्याला डॉक्टर पोटावर सरपटत त्यांच्या मागे गेले. जाताना त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं. साठाव्या मिनिटाला "स्वतःच्या मर्यादांचा आदर करा" असं म्हणत बाईही बाहेर पडल्या. आत एकफेरी एकटे राहिले. टपटप गळत, एका पायावर उभे राहून ते हीटरकडे कौतुकाने बघत होते. नव्वद मिनिटं तो एकदाही अडखळला नाही.

एकोणतिसाव्या दिवशी वर्गाला नऊ जण आले आणि पस्तिसाव्या मिनिटाला एक उरला. तो कोण, हे सांगायला नको.

तिसाव्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांना बोलावलं. संध्याकाळी निरोपसमारंभ होता. साहेबांसमोर एक कागद होता, त्याखाली छत्तीस सह्या होत्या. पहिलीच सही डॉक्टरांची होती.

"तुमच्या नावावर तक्रार आलीय," साहेब म्हणाले. "वाचतो. 'हीटर बंद पडत नाही.'"

एकफेरींनी कागद आपल्याकडे वळवून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"मी त्यांना विचारलं, बटण अडकलंय का? म्हणाले, नाही, बटण चांगलं आहे. मग बिघाड काय? म्हणाले, बिघाड होता तो गेलाय, तो परत हवा." साहेबांनी चष्मा काढला. "छत्तीस सह्या आहेत. नोंद केल्याशिवाय मला गत्यंतर नाही. तुम्हाला जाऊन यावं लागेल."

"म्हणजे परतफेरी."

"परतफेरीच. लाल शाईत." साहेब खिन्न झाले. "तुम्ही मला अडचणीत आणलंत. माझ्याकडे तुमच्याबद्दल एवढं एकच वाक्य होतं. आता संध्याकाळी बोलू काय?"

एकफेरी कंपनीच्या गणवेशात हॉलवर गेले. पायऱ्यांवर पंचावन्नच्या पंचावन्न माणसं बसली होती. त्यांना बघून सगळ्यांनी वाट करून दिली. बाई नजर चुकवत होत्या.

"काका, मी नाही हो केली तक्रार. डॉक्टरांनी खोदून विचारलं म्हणून हीटरचं सांगून बसले, पण तक्रारीला मी अडवत होते."

"असू द्या," एकफेरी म्हणाले. "तक्रार बरोबर आहे."

जाळी बुजवणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. मरायला टेकलेल्या माणसालाही काही तत्त्वं असतात आणि निवृत्तीला टेकलेल्याला तर असतातच. त्यांनी हीटरचं पुढचं झाकण उघडलं. आत वेळ लावायचं चक्र होतं, ते आजवर कुणी वापरलं नव्हतं. त्यांनी ते पंचवीस मिनिटांवर आणलं. चालतं यंत्र बंद पडावं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता.

"झालं," ते म्हणाले. "कागदावर सही द्या, मी निघतो."

"सही नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी चालतंय का बघू. म्हणजे, बंद पडतंय का बघू. आणि आज तुमचा तिसावा दिवस आहे. गेलात तर नाव कट."

गणवेशातच ते शेवटच्या रांगेत उभे राहिले. माणसं वाकली, वळली, कण्हली. चोविसावं मिनिट संपताना हॉलमध्ये कुणी श्वासही घेत नव्हतं, आणि तो वर्ग तर श्वासाचा होता. मग 'टक्' झालं.

"आली," डॉक्टर म्हणाले, आणि रडतात की काय असं वाटलं.

एकफेरी पाठीवर पडले. तीस दिवसांत पहिल्यांदाच ते हीटरकडे बघत नव्हते. गणवेशाच्या बटणांमधून गारवा आत शिरला. तो कुठून येतोय हे त्यांच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी बरं वाटलं.

वर्ग संपल्यावर बाईंनी कंपनीचा कागद घेतला, सही केली आणि 'ग्राहकाचा अभिप्राय' ह्या रकान्यात बराच वेळ लिहीत राहिल्या. एकफेरींनी तो दाराशी जाऊन वाचला. 'असं काम आजवर कुणी केलं नाही. हेच मेकॅनिक पुन्हा पुन्हा पाठवावेत.'

ते परत आत आले.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पहिलं वाक्य राहू द्या. दुसरं तेवढं खोडता का?"