साखरपुड्याआधीची कंबर

माणूस एकदा नीट पाहिला, की तो कुणाकडं काय बोलणार आणि त्यात पदरचं किती घालणार, हे मला आधीच कळतं! म्हणून तर लेकीच्या, चिन्मयीच्या साखरपुड्याआधी कमरेवरची चरबी गुपचूप काढून घ्यायचा बेत मी बिनधास्त आखला. होणाऱ्या विहिणबाई, सदलग्याच्या राजाबाई, उसाच्या कांडीसारख्या सडसडीत. त्यांच्या शेजारी मी म्हणजे गुऱ्हाळावरची काहील!

डॉक्टर म्हणाले, "दोन बारीक भोकं, एक बारीक नळी. दुसऱ्या दिवशी घरी!"

आले घरी. पोटाला गच्च पट्टा, आणि चाल पहिल्यांदा नाल ठोकलेल्या बैलासारखी. शेजारच्या मालुबाईंनी फाटकातच गाठलं.

"काय झालंय गं प्रमोदिनी?"

"काही नाही हो आक्का. पोटाचं छोटंसं ऑपरेशन."

चरबी म्हणायची लाज वाटली. तिथंच घात झाला!

आजाऱ्याला बघायला आपल्याकडं रिकाम्या हातानं कोण येतंय? संध्याकाळपासून रांग लागली. कुणाचा कुंदा, कुणाचा तूप सुटलेला शिरा.

"खा गं, अंगात ताकद न्हाय राहिली तुझ्या!"

नको म्हटलं तर चेहरे पडायचे. "अन्न बी जाईना व्हय?" म्हणून खाल्लं. कण्हत कण्हत खाल्लं! उरलेलं आमचे हे न कण्हता संपवत होते.

मालुबाईंचं माहेर सदलगा, एवढाच हिशेब माझ्याकडून सुटला. छोट्याशा ऑपरेशनची आमच्या खडेबाजारात 'गाठ' झाली, निपाणीत 'मोठी गाठ', आणि सदलग्यात पोचेस्तोवर 'त्यांच्या घराण्यातच हाय म्हणं!'

रविवारी राजाबाई आणि त्यांचे मालक यल्लाप्पा शहाळी घेऊन हजर. चिन्मयी दाराआड.

यल्लाप्पांनी घसा खाकरला. "साखरपुडा जरा पुढं ढकलूया म्हणतो. तब्येत म्हत्त्वाची."

पुढं ढकलूया म्हणजे मोडूया, हे काय मला कळत नाही?

राजाबाई सरळच बोलल्या, "गाठ कसली हुती? पोरीला बी हाय काय तसलं?"

दाराआडून हुंदका आला. मी डोळे मिटले आणि ओरडले, "गाठ नव्हती हो! चरबी होती! कंबर बारीक दिसावी म्हणून काढून घेतली!"

राजाबाई उठल्या. पिंपळाला घालावी तशी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"कुठली काढली?"

"सूज आहे अजून. फरक दिसायला तीन महिने लागतात."

"म्हंजे रोग न्हाय?"

"नाही."

"नुसतं खूळ हाय?"

"...हो."

राजाबाईंनी सुस्कारा सोडला. "मग आधी बोलायचं न्हाय व्हय! खूळ आमच्यात बी हाय. आमच्या ह्यांनी मागल्या म्हैन्यात टकलावर केस लावून घेतल्यात. लई दुखलं म्हणून आठ दिवस रडत हुते!"

यल्लाप्पांनी घाईघाईनं टोपी कानापर्यंत ओढली. "तारीख तीच ऱ्हाऊ दे," ते पुटपुटले.

पत्रिकेतले गुण किती जुळले, मला आठवत नाही. खूळ मात्र पैकीच्या पैकी जुळलं!