बोटभर आखूड पाय

अखेर सुताराने एक सरळ स्टूल बनवलं आणि त्याचे वडील त्यावर बसले. कंपनीच्या दफ्तरी मात्र अशी नोंद नाही. तेव्हा असं काही घडलेलंच नाही, हे धरून पुढे जाऊ.

सुताराच्या मापाच्या पट्टीचं एक टोक तुटकं होतं. चाळीस स्टुलांचे तीन-तीन पाय त्याने धड टोकाकडून मोजले आणि चौथे, जेवण झाल्यावर, तुटक्या टोकाकडून. चाळीसच्या चाळीस स्टुलं बोटभर लंगडी निघाली.

"एका दुपारीत चाळीस चुका," वडील म्हणाले. तेही सुतारच. "मला पन्नास वर्षांत जमलं नाही."

सुताराने उरलेले तीन-तीन पाय तेवढेच कापायला करवत उचलली, तेवढ्यात जाहिरातीच्या धंद्यातला मेव्हणा आला. एका स्टुलावर बसला, हेलकावला आणि गंभीर झाला.

"दाजी, करवत खाली ठेवा. हा दोष नाही, हे व्यक्तिमत्त्व आहे."

स्टुलाचं नाव ठरलं 'सजग'. जाहिरात ठरली, 'बसा, पण गाफील राहू नका.' किंमत तिप्पट केली (लंगडी वस्तू स्वस्तात दिली की लोकांना संशय येतो). पहिली स्टुलं घरांचे नकाशे काढणाऱ्यांनी घेतली, मग एका दंतवैद्याने, मग त्याच्याकडे ताटकळलेल्या सगळ्यांनी. पाहणीत शंभरांपैकी चौऱ्याण्णव जणांना बसल्यावर विचार सुचले. पाच जण पडले (पैकी चौघांनी लगेच दुसरं स्टूल घेऊन जोडी पूर्ण केली). एकाला काहीच जाणवलं नाही. त्याची फरशीच उतरती होती.

यथावकाश कंपनी झाली. न डुगडुगणारा माल परत पाठवणारा तपासनीस नेमला गेला. पाहुणे गेले की ग्राहक आखूड पायाखाली कागदाची घडी सरकवतात, हे कंपनीला ठाऊक आहे. त्याला 'वैयक्तिक जुळवणी' म्हणतात.

अडचण एकच होती. वडील म्हणाले होते, "सरळ स्टूल बनवशील, तेव्हाच बसेन." आणि ते खरोखर उभे राहिले. जेवण उभ्याने, पेपर भिंतीला टेकून. घरात खुर्च्या होत्या, पण शब्द म्हणजे शब्द (आडवं होण्याला त्यात मनाई नव्हती). असे आठ महिने गेले.

"बाबांचे पाय सुजलेत," बायको म्हणाली. "तुमची कीर्ती ऱ्हाऊ दे, आधी त्यांना बसवा."

सुताराने मागच्या खोलीत दार लावून एक स्टूल बनवलं. चारही पाय धड टोकाकडून मोजले. वडिलांनी त्याच्या कडेला तळवा दाबला. काही हललं नाही. "हं," म्हणाले आणि बसले. एवढी स्तुती सुताराच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होती. ती सात मिनिटं टिकली. मग तपासनीस आला, डुगडुगत नाही म्हणून त्याने ते स्टूल बनावट ठरवलं आणि सील करून नेलं. वडील पुन्हा उभे.

"अरे, माझ्याच हातचं आहे ते," सुतार मेव्हण्याला म्हणाला.

"दाजी, हे सरळ म्हटलं की बाकीची वाकडी ठरतात. तसा नियम आहे म्हणा. एका जरी ग्राहकाने आपलं स्टूल डुगडुगतं असं लेखी दिलं, तर सरळ स्टुलाला परवानगी मिळते."

अकरा हजार स्टुलं विकली गेली होती. तक्रारी: शून्य. सुतार शेजारच्या मास्तरांकडे गेला. त्यांच्या स्टुलाखाली दोन घड्या होत्या.

"मास्तर, डुगडुगतं ना हो तुमचं?"

"माझं? छे." मास्तरांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. "इतरांचं असेल."

सबब आपणांस नम्र विनंती की, आपल्या 'सजग'वर बसून हे वाचताना आपण ज्या बाजूला तोल सावरत आहात, त्या बाजूचा पाय आखूड आहे, एवढं एका ओळीत लिहून, पूर्ण सहीनिशी कंपनीच्या कार्यालयात पाठवावं. वेगळा कागद नसल्यास पायाखालचा काढून वापरावा. वडील उभे आहेत.